वाचलेल्या पुस्तकावर बोलायचं म्हणजे नेमकं काय बोलायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दापोली तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात छोटं वाचनालय आहे. महिन्यातून एकदा दहा-पंधरा वाचक जमतात आणि अलीकडे वाचलेलं पुस्तक एकमेकांना सांगतात. पण कादंबरी वाचलेला माणूस अख्खी गोष्ट सांगत बसतो, दुसरा ‘छान आहे, जरूर वाचा’ म्हणून मोकळा होतो, आणि माहितीपर पुस्तक वाचलेला तर पुस्तक बाजूला ठेवून विषयावरच भाषण ठोकतो. हे सुधारायचं कसं? आणि कथा-कादंबरीवर बोलण्याची व माहितीपर पुस्तकावर बोलण्याची रीत एकच की वेगळी?

रीत वेगळी. अट मात्र दोन्हीकडे एकच: मत पानावर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. ‘लेखिकेची भाषा मला आवडली’ हे मत नव्हे, ती नुसती आवड झाली. ‘सासू मेल्याचं कळल्यावर सून चुलीवरचं दूध उतरवते आणि मगच रडते, एवढ्या एका ओळीत लेखिकेने तिचा सगळा संसार सांगितला’ हे मत. ते ऐकणाऱ्याला तपासता येतं, खोडता येतं, आणि पुस्तक न्यावं की नाही हे त्याला ठरवता येतं.

त्यामुळे तयारी बैठकीच्या आदल्या रात्री होत नाही, वाचतानाच होते. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिल चालवायची नाही हे उघड आहे. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानांच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात आणि दहा-बारा पट्ट्या पुस्तकातच ठेवून द्याव्यात. चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्या आपल्याकडे टाळलेल्या बऱ्या, जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत त्यांचा गोंद पानाला धरून राहतो आणि जुना कागद असेल तर काढताना अक्षरासकट निघतो. पट्टी कुठे घालायची? जिथे थांबून परत वाचलंत तिथे, जिथे पटलं नाही तिथे, आणि जिथे कंटाळून पानं उलटलीत तिथे तर नक्कीच. ही कंटाळ्याची पट्टी सगळ्यात मोलाची, कारण ती कोणी घालत नाही. पट्टीवर चार शब्द खरडावेत: ‘पत्र फार लांबलं’, ‘हा आकडा कुठला?’, ‘मामा अचानक सुधारला’. पुस्तक संपल्यावर त्यातल्या तीनच ठेवायच्या. एक पुस्तक सगळ्यात चांगलं कुठे आहे त्याची, एक ते कुठे घसरलं त्याची, आणि एक मोठ्याने वाचून दाखवायच्या पानाची.

गोष्ट सांगत बसण्याचं मूळही इथेच आहे. वाचून तीन आठवडे झाले की डोक्यात कथानक तेवढं उरतं, बाकी सगळं गळून जातं. मग माणूस उरलेलंच सांगणार. हाताशी पट्ट्या असल्या की कथानकाला चार वाक्यं पुरतात: कुठे घडतं, कोणत्या काळात, कोणाचं, आणि ती व्यक्ती कशात अडकली आहे. ती कशी सुटली हे सांगायचं कारण नाही. वेळ पाहणाऱ्याला एक युक्ती सांगून ठेवा: बोलणाऱ्याच्या तोंडून दुसऱ्यांदा ‘आणि मग’ आलं की टेबलावर टिचकी मारायची. आधी मंडळी हसतात, पण दोन-तीन बैठकांत सवय लागते.

एका पुस्तकाला बोलायला दहा मिनिटं आणि चर्चेला दहा. नाव, लेखक, प्रकाशनाचं वर्ष, आवृत्ती, पानं यांना एक मिनिट. कथानक किंवा विषय यांना एक. एक छापील पान नीट, न धावता मोठ्याने वाचायला दोन-अडीच मिनिटं लागतात, तेवढी त्यासाठी राखायची. उरलेली साडेपाच तुमच्या मताची. या हिशोबाने दीड तासात चार पुस्तकं होतात, पाचवं घेतलं तर शेवटचा माणूस शेवटच्या एसटीकडे डोळे लावून बोलतो. लेखकाचा परिचय मलपृष्ठावर छापलेला असतो, तो वाचून दाखवू नये. लेखक कुठे जन्मला याचा पुस्तकाशी संबंध असेल तर एका वाक्यात सांगावं, नाहीतर सोडून द्यावं.

काही शब्द वर्षभरासाठी बंदच करून टाका: ओघवती, खिळवून ठेवणारं, अंतर्मुख करणारं, वाचनीय, ‘एका बैठकीत वाचून काढलं’. बंदी गमतीची असू दे, पण पाळा. ‘ओघवती’ म्हणता येत नाही म्हटल्यावर माणूस शोधायला लागतो की वाक्यं लहान आहेत का, संवाद जास्त आहेत का, प्रकरणं पाच-पाच पानांची आहेत का. तेच हवं आहे.

आता कथा-कादंबरी. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो पात्र आणि पुस्तक यांत. श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ (१९५२) घ्या. तुमच्या तालुक्याच्या परिसरातली कादंबरी, त्यामुळे कोणीतरी ती आणणारच. दहा मिनिटांत चर्चा ‘बापूने केलं ते बरोबर की चूक’ यावर जाते आणि बैठकीची गावकी होते. बापूचा न्याय करायला कोणाची ना नाही, पण तो शेवटी. आधी विचारायचं ते हे: गाव बापूकडे कसं बघतं हे लेखकाने कोणाच्या तोंडून सांगितलं? आपली सहानुभूती बापूकडे कोणत्या प्रसंगापासून झुकली, त्या पानावर लेखकाने काय केलं? झुकलीच नसेल तर ते कुठे राहिलं? ‘बापू मला आवडला नाही’ म्हणणाऱ्याला कादंबरी उत्तम वाटू शकते, आणि याच्या उलटही होतं. या दोन गोष्टी वेगळ्या करून बोलता आल्या की अर्धी लढाई जिंकली.

दुसरा घोळ खास आपल्याकडचा. कोकणातली कादंबरी कोकणात वाचली जाते तेव्हा हटकून कोणीतरी म्हणतं, ‘हा म्हणजे आमच्या वरच्या वाडीतलाच अमका.’ मग त्या अमक्याची जमीन, भावकी, कोर्टातला दावा. त्यात पुस्तक संपतं आणि कधी कधी दोन घरांचं बोलणंही. नियम साधा ठेवा: पात्राला गावातल्या माणसाचं नाव लावायचं नाही, मेलेल्याचंही नाही. ‘असं आपल्याकडे घडतं’ एवढं चालेल.

काळाचे तपशील जरूर बघावेत, पण चुका पकडणं म्हणजे समीक्षा नव्हे. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर सुरू झाली. त्याच्या तीस वर्षं आधी घडणाऱ्या कथेत कोणी रेल्वेने रत्नागिरीला उतरलं, तर ती चूक आहे, हसून पुढे जावं. पण समजा एखाद्या जुन्या काळातल्या कथेत नायक भर आषाढात मुंबईहून बोटीने हर्णै बंदरात उतरतो, आणि तो त्या रात्री पोचला म्हणूनच पुढचं सगळं घडतं. पावसाळ्यात किनाऱ्यावरची बोटवाहतूक बंद असायची. बाकीच्या दिवसांतही बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची. म्हणजे इथे कथेचा कणाच अशक्य गोष्टीवर उभा आहे. ही चूक सांगण्यासारखी. तपशील चुकला की नाही यापेक्षा त्यावर किती भार टाकला आहे ते बघायचं.

मोठ्या कादंबरीचं काय करायचं, हा वेगळा पेच. पेंडशांचीच ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) दोन जाड खंडांची, जगबुडी नदीच्या काठावरच्या एका खोत घराण्याच्या अनेक पिढ्यांची. दहा मिनिटांत ती सांगायला गेलात तर वंशावळच सांगून होईल, आणि ऐकणाऱ्याला चौथ्या नावानंतर काही लक्षात राहणार नाही. अशा वेळी एकच धागा धरावा. उदाहरणार्थ खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करण्याचा खोताच्या घरचा पिढीजात हक्क. खोताच्या घराची कादंबरी आहे, तर तिच्यात कूळ किती वेळा बोलतं? बोलतं तेव्हा खोताच्या अंगणात उभं राहून बोलतं की आपल्या घरात? सत्ता घरातून जाताना कोणत्या प्रसंगात दिसते? या एका धाग्याच्या चार पट्ट्या पुरतात. आणि त्याच बैठकीत दुसऱ्या कोणी खोतीवरचं माहितीपर पुस्तक आणलं तर सोन्याला सुगंध: डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडलं, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांचा खोतांविरुद्धचा संप १९३३ मध्ये सुरू झाला, आणि खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा. या तीन तारखा फळ्यावर लिहून ठेवल्या की कादंबरीतला प्रत्येक प्रसंग त्यांच्या अलीकडे की पलीकडे हे लोक आपोआप विचारायला लागतात. कथा आणि माहिती अशी जोडीने लावणं हा अशा बैठकीचा सगळ्यात चांगला उपयोग. वर्षातून दोनदा तरी करावाच.

मोठ्याने वाचायचं पान बोलीतलं असेल तर ज्याच्या तोंडात ती बोली आहे त्यालाच वाचू द्या. मालवणी संवाद दापोलीच्या माणसाने वाचले की हेल चुकतो आणि विनोद जागीच मरतो. ज्याची बोली त्यालाही एक सूचना: अभिनय नको. कोणी दशावतारातल्या संकासुराचा आवाज काढायला लागलं की लोक आवाजाला हसतात, लेखकाच्या वाक्याला नव्हे. शेवट सांगावा का? रहस्यकथेचा कधीच नाही. बाकी कादंबऱ्यांत, जमलेल्यांपैकी तिघांनी वाचली असेल तर शेवटावर बोलायला हरकत नाही, फक्त बोलण्याआधी तसं सांगा. ज्याला ऐकायचं नसेल तो तेवढ्यात चहाचं बघेल.

माहितीपर पुस्तकाकडे वळू. विषयावर भाषण होतं ते बोलणाऱ्याला विषय आधीपासून माहीत असतो म्हणून. निवृत्त कृषी सहायक हापूसवरच्या पुस्तकावर बोलायला उठला तर तो तुडतुडा आणि मोहोर यांवर पाऊण तास बोलेल, आणि पुस्तक पिशवीतच राहील. उपाय: त्याच्या बोलण्यातली किमान तीन वाक्यं ‘लेखक म्हणतो की’ अशी सुरू झाली पाहिजेत, आणि त्यातल्या एकाच्या पुढे ‘मला ते पटलं नाही, कारण’ यावं. मग त्याचा अनुभव पुस्तकाला भिडतो, आणि तो अनुभव ऐकायला मजा येते.

माहितीपर पुस्तकाला तीन गोष्टी विचाराव्यात: लेखकाने काय स्वतः पाहिलं, काय ऐकलं आणि काय अनुमान केलं. याला गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’इतकं चांगलं उदाहरण नाही. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळेल या आशेने उत्तर हिंदुस्थानात गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते, तेव्हा तिथली जाळपोळ आणि लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे. इतर ठिकाणच्या लढायांची हकिकत मात्र बरीचशी लोकांकडून ऐकलेली. आणि लिहिलं ते वरसईला परतल्यावर, कित्येक वर्षांनी. वाचताना दोन प्रकारच्या पट्ट्या घाला, पाहिलेल्याच्या आणि ऐकलेल्याच्या, आणि बैठकीत एक-एक उतारा शेजारी शेजारी वाचा. पाहिलेल्या उताऱ्यात अन्न, पाणी, जिना, दार अशा वस्तू येतात, ऐकलेल्यात संख्या आणि पराक्रम. हे ऐकणाऱ्यांना एकदा कळलं की पुढचं कोणतंही प्रवासवर्णन किंवा आत्मचरित्र ते वेगळ्या नजरेने वाचतील.

याच पुस्तकावरून आवृत्तीचंही शिकण्यासारखं आहे. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केलं ते मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये छापला. एकाने एक वाचलं आणि दुसऱ्याने दुसरं, तर दोघं भांडतील आणि दोघंही आपापल्या प्रतीपुरते बरोबर असतील. म्हणून पहिल्या मिनिटात वर्ष आणि आवृत्ती सांगायची ती औपचारिकता म्हणून नव्हे. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव आणि मूळ पुस्तकाचं वर्षही त्यात धरा. मराठी अनुवाद यंदाचा आणि मूळ पुस्तक तीस वर्षांपूर्वीचं, असं फार वेळा असतं, आणि त्यातलं ‘आजचं जग’ भलत्याच काळातलं निघतं.

आकड्यांबाबत आपल्या जिल्ह्यांचा एक सापळा ध्यानात ठेवा. १९८१ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग वेगळा निघाला. त्याआधीच्या पुस्तकात ‘रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या’ किंवा ‘भातक्षेत्र’ म्हणजे बाणकोटपासून थेट सावंतवाडीच्या बाजूपर्यंतचा हिशोब. आजच्या आकड्याशी त्याची तुलना करून ‘शेती निम्म्यावर आली’ असं कोणी म्हणालं तर थांबवा. त्याच वर्षी कुलाब्याचं नाव रायगड झालं, तेव्हा जुन्या पुस्तकात रायगड जिल्हा शोधत बसू नये. शंका आली तर गॅझेटियर, म्हणजे सरकारने काढलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ, बघावं. जुना रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा आहे, आणि जिल्ह्यातल्या जुन्या वाचनालयांत चौकशी करून जाण्याइतकं त्याचं महत्त्व आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं. आधी फोन करून जा, दुर्मीळ प्रती घरी मिळत नाहीत.

यश कसं मिळवावं छापाच्या पुस्तकांवर फार वेळ घालवू नका. त्यातला एक दावा निवडावा, तो कशाच्या आधारावर केला आहे ते पुस्तकात शोधावं, सापडला नाही तर तसं सांगून बसावं. आरोग्याच्या पुस्तकांना मात्र एक कडक नियम: बैठकीत पुस्तकावर बोलायचं, कोणाच्या गोळ्यांवर नाही.

आता व्यवस्थेचं. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून यावं ही कल्पना ऐकायला छान, पण लहान वाचनालयात प्रत एक असते. पंधरा दिवसांच्या मुदतीने पाच जणांनी वाचायची तर अडीच महिने गेले, आणि पहिल्याला तोवर काही आठवत नाही. म्हणून एरवी ज्याचं त्याचं पुस्तक, आणि एकत्र वाचायचं असेल तेव्हा आठ-दहा पानांची कथा जागेवरच मोठ्याने वाचायची. वाचनाला वीस-पंचवीस मिनिटं, पुढे चर्चा.

महिन्यातून एकदा म्हणजे बारा बैठका असा हिशोब कोकणात चालत नाही. लावणीच्या दिवसांत शेतकरी येणार नाहीत, पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बंदरावरची मंडळी मोकळी असतात. त्यांना त्याच काळात बोलवा. गणपती आणि शिमगा सोडून द्या. घरात चाकरमानी आलेले असताना कोण येणार? एप्रिल-मेमध्ये आंबेवाले पेट्या भरण्यात असतात. दिवाळीनंतर महाशिवरात्रीपर्यंतचा हंगाम सगळ्यात भरवशाचा. पावसातली बैठक दुपारी तीनला ठेवा, संध्याकाळी लाईट गेली तर वाचून दाखवायचं पान दिसत नाही.

अध्यक्ष नको. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, श्रीफळ, आभार यांत अर्धा तास जातो आणि अध्यक्ष शेवटी प्रत्येकाच्या बोलण्याचा सारांश सांगतात. एक वेळ पाहणारा आणि एक वहीत लिहिणारा, एवढी दोन कामं दर वेळी वेगवेगळ्या माणसांना द्यावीत. वहीत प्रत्येक पुस्तकाच्या तीनच ओळी: नाव-लेखक-आवृत्ती, ज्यावर बोट ठेवलं ते पान, आणि कोणाला आवडेल. वही देवघेवीच्या टेबलावर ठेवायची, कारण पुस्तक मागायला आलेला माणूस तीच चाळतो. नव्या खरेदीची यादी करतानाही ती कामाला येते. रात्री ती खालच्या फडताळात ठेवू नका. २०२१ च्या जुलैत चिपळुणात पाणी किती उंच चढलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

एक नाजूक प्रसंग येतोच येतो: गावातल्याच कोणीतरी स्वखर्चाने कवितासंग्रह किंवा आठवणींचं पुस्तक काढलेलं असतं, आणि तो लेखक, त्याची बायको, मेहुणा असे समोर बसलेले असतात. प्रकाशन समारंभ वेगळ्या दिवशी करा, हारतुरे तिथे. बैठकीत त्या पुस्तकालाही बाकीच्यांसारखीच पट्ट्यांची रीत लावायची. दोष सांगणाऱ्याने ‘कविता कमी पडते’ न म्हणता ‘चौथ्या पानावरची शेवटची ओळ काढली तर कविता आधीच्या ओळीवर पूर्ण होते’ असं सांगावं. हे लेखकाला सहन होतं आणि उपयोगीही पडतं. लेखकाने सगळं ऐकून घेऊन शेवटी पाच मिनिटं बोलावं, मध्येच खुलासे देऊ नयेत. नात्यातल्या माणसाने त्या पुस्तकावर बोलायचं नाही, कौतुकही नाही.

आणि कधी पाऊस असा लागेल की तिघंच येतील. बैठक रद्द करू नका. तिघांत पुस्तकं तीन, वेळ भरपूर, तेव्हा प्रत्येकाने एकाऐवजी दोन पानं मोठ्याने वाचावीत, आणि वहीत नेहमीसारख्या तीन-तीन ओळी लिहून कुलूप लावून निघावं.